गर्जनेचं शेपूट

आवाज आधी पोटात आला, मग कानात. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातात माझ्या मुलीचा, गिझलानचा, लाल फुटबॉलचा शर्ट, तोंडात दोन चिमटे, आणि बेंबीच्या मागे कुणीतरी लोखंडी पेटी फरफटत न्यावी तसं काहीतरी सरकलं. आधी वाटलं, ट्रक. मग वाटलं, आपलंच पोट. रात्रीच्या मसुरीचं काही खरं नसतं. पण ते पुन्हा आलं, छपरांवरून, डिश अँटेनांवरून, अजून झोपलेल्या गल्लीवरून, आणि लांबत लांबत गेलं, आणि आता संपलं असं वाटतंय तोच त्याच्या टोकाला ते तुटक हुंकार आले, करवतीने ओलं लाकूड कापावं तसे. हुं. हुं. हुं. हुं. चिमटे खाली पडले. "शेपूट!" मी ओरडले. एका विधवा बाईने पहाटे गच्चीवर उभं राहून शेपूट म्हणून ओरडावं याला काही अर्थ नव्हता, तरी मी पुन्हा ओरडले. "बाबा, शेपूट आहे त्याला!" बाबा तिथे कुठले असायला. ते डोंगरात, माझ्या भावाच्या, हम्मूच्या घरी, शेगडीशी पाय पसरून बसलेले असणार, उजवा कान पूर्ण गेलेला आणि डाव्यात ओरडलं तर अर्धं पोचणारं.

आमचा भाग समुद्र आणि प्राणिसंग्रहालय यांच्या मधोमध आहे. वारा कायम समुद्राचा, खारट, कपड्यांना कधी पूर्ण वाळू न देणारा. म्हणून इतकी वर्षं रबातमध्ये काढून मला कधी काही ऐकू आलं नव्हतं. त्या आठवड्यात शर्गी सुटला होता, पूर्वेकडचा गरम वारा, लोकांची डोकी दुखवणारा, दूध नासवणारा, आणि त्या वाऱ्याने ते माझ्या गच्चीवर आणून टाकलं. मी खाली आले. कामाला बसले. मी जेलाब्यांच्या, टोपी जोडलेल्या लांब झग्यांच्या, रेशमी गुंड्या वळते. सुईवर धागा फिरवायचा, ओढायचा, फिरवायचा, ओढायचा, बोटांना डोकं लागत नाही. त्या दिवशी बोटांना डोकं आलं होतं. प्रत्येक गुंडी वाकडी. हिरव्या जेलाब्याला मी निळ्या गुंड्या वळत होते आणि मला हसू येत होतं, लग्नात आपलं नाव पुकारल्यासारखं छातीत काहीतरी उड्या मारत होतं. गिझलान कामावर जायला निघाली, तिला मी दारातच धरलं. "अगं, मी सिंह ऐकला." ती बूट घालता घालता म्हणाली, "आई, सिंह म्हणजे आपल्या फुटबॉल संघातले अकरा जण, आणि तेही परवा हरले." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांचा सिंह!" तेव्हा मात्र ती थांबली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

आमच्या डोंगरात त्याचं नाव घेत नाहीत. मामा म्हणतात. आईचा भाऊ रागावला तरी भाच्याला खाणार नाही, असा त्यामागे हिशेब असावा. मामाला शेवटचं ऐकलं ते माझ्या आजोबांनी, बाबांच्या वडिलांनी, देवदारांच्या जंगलात, मेंढ्यांबरोबर असताना, मिसरूडही नीट फुटलेलं नसेल तेव्हा. त्यानंतर कुणीच नाही. आजोबा वाट बघायचे म्हणे. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, जंगल गप्पच. तेव्हा त्यांनी तो आवाज स्वतःच काढायला सुरुवात केली. पहिला बर्फ पडला, कळप गोठ्यात आला, की आजोबा मातीचा रिकामा रांजण आडवा करायचे, गुडघ्यांवर बसायचे, तोंड जमिनीच्या जवळ, आणि रांजणात गर्जना करायचे. का, तर मेंढ्या विसरतील म्हणून. मला वाटतं, मेंढ्या हे निमित्त. त्यांना स्वतःलाच विसरायचं नव्हतं. ते बाबांनी उचललं. माझ्या लहानपणी बर्फाच्या संध्याकाळी बाबा अंगणात गुडघे टेकायचे तेव्हा आई दिवा खाली ठेवायची, कुत्री शेपट्या पायांत घालायची, आणि तो आवाज यायचा, आणि माझ्या पोटातली ती पेटी सरकायची. लांब गर्जना सगळ्यांनाच आवडायची. पण बाबांचा जीव शेवटच्या त्या हुंकारांत होता. त्यालाच आमच्या घरात शेपूट म्हणायचे. "गर्जना कुणीही करेल," बाबा म्हणायचे, "गाढवही करेल. शेपूट चुकलं की मामा ओळखणार नाही." मामा कोण ओळखायला येणार होता ते देवाला माहीत. आणि खुद्द बाबांनी तरी मामाला कुठे ऐकलं होतं? त्यांच्याकडे होता तो वडिलांच्या छातीतून आलेला आवाज. तो बरोबर आहे की आजोबांच्या म्हातारपणी बिघडत गेलेला आहे, हे त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही. गुंड्या वळताना सुचलं, आणि हातातला धागा तुटला.

मग, काही वर्षांपूर्वी, बास्सूचं प्रकरण झालं. बास्सू आमचा चुलतभाऊ, बेल्जियममध्ये कामाला, उन्हाळ्यात येताना टीव्हीपेक्षा मोठा आवाज करणारा फोन घेऊन आला होता. हम्मूच्या मुलीच्या लग्नात लोकांनी बाबांना आग्रह केला, म्हणून बाबांनी भर उन्हाळ्यात, वऱ्हाडासमोर, रांजण आडवा केला. गर्जना झाली, शेपूट झालं, टाळ्या झाल्या. बास्सूने फोन वर धरला. "थांबा, थांबा, हा खरा ऐका." फोनमधला सिंह सिनेमातला होता, मान वर करून, दात दाखवून, एकच मोठी किंकाळी फोडणारा. शेपूट नाही. लोक आधी फोनकडे बघत राहिले, मग बाबांकडे. बास्सू म्हणाला, "काका, तुमचा सिंह धावून दमलेला दिसतो. दम्याचं औषध द्या त्याला." हम्मूची सासू म्हणाली, "आणि जमिनीत तोंड घालून काय शोधतो? अंगठी पडली का त्याची?" हसणं मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. बाबाही हसले. ती गोष्ट मला सगळ्यात वाईट वाटते, तेही हसले, मिशीवरून हात फिरवत, जणू गंमत त्यांनीच ठरवून केली होती. रांजण त्यांनी स्वतः उचलून आत नेला. त्यानंतर बर्फ पडले, पण आवाज नाही. पुढे रांजणात आईने ऑलिव्ह मुरत घातले.

गच्चीवर आवाज ऐकला त्या दिवशी दुपारी मी टॅक्सी केली आणि प्राणिसंग्रहालयात गेले. मला बघायचं होतं. मामा खडकाखाली झोपला होता. काळी आयाळ पोटापर्यंत आलेली, मला वाटलं होतं त्याहून रुंद, आणि जेवून आडवा झालेल्या तहसीलदारासारखा निर्लज्ज झोपलेला. पाटीवर लिहिलं होतं की हे सुलतानाच्या वाड्यातल्या सिंहांचे वंशज, रानात आता एकही उरलेला नाही. पाटीवर जे नव्हतं ते मला माहीत होतं: ते सिंह सुलतानाला दिले कुणी? डोंगरातल्या टोळ्यांनी, पकडून, बांधून, नजराणा म्हणून. म्हणजे आमच्याच माणसांनी त्याला इथे पाठवलं आणि म्हणूनच तो उरला. माझ्या आजूबाजूला शाळेची सहल होती. शंभर पोरं एका वेळी किंचाळत होती, मुली डबे वाजवत गात होत्या, एकीने तर जिभेने लग्नातली लकेर काढली. मामाने एक डोळा उघडला, सगळ्यांकडे बघितलं, मिटला. प्राण्यांना खाणं घालणारा माणूस जवळून जात होता, त्याला मी विचारलं, "ओरडतो कधी?" तो अदबीने, बाईसाहेब म्हणावं तसं, म्हणाला, "फटफटताना, लल्ला. नंतर पगार दिला तरी ओरडत नाही." माझ्याने राहवेना. मी तिथूनच हम्मूला फोन लावला आणि म्हटलं, बाबांच्या डाव्या कानाला लाव.

"बाबा! सबअ! मी सबअ ऐकला!" मी पोरांच्या वरताण ओरडले.

"काय?"

"सबअ! इथे, रबातला!"

"कुणाचा?"

"आपला! आपल्याच डोंगरातला, आपल्याच रक्ताचा!"

मग, "मुलगा?"

मला तो प्रश्न जरा विचित्र वाटला, पण आनंदात माणूस कशाचंही उत्तर देतो. "हो हो, नर! आवाज काय आहे, बाबा! सगळी वस्ती हादरते!"

"आमच्यावर गेलाय," बाबा म्हणाले.

"तेच तर सांगतेय! तुमच्यावरच गेलाय! हुबेहूब!"

"येतो," बाबा म्हणाले. "उद्याच निघतो." आणि हम्मूने फोन बंद केला. मी त्या जाळीपाशी उभी राहून रडले, इतकी की एका शिक्षिकेने मला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. पांढरा जेलाबा, पिवळे जोडे, डोक्याला नवं पागोटं, आणि हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला एडका. चांगला गलेलठ्ठ, वळलेल्या शिंगांचा, बसच्या पोटातून आल्यामुळे संतापलेला. टॅक्सीवाला त्याला मागच्या सीटवरून ढकलत होता. बाबांनी फाटकातच मला मिठी मारली, माझ्या खांद्यावरून घरात डोकावले आणि म्हणाले, "कुठाय?"

मला अजून कळेना. कळलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या लल्ला बतूलमुळे. ती एडक्याचा आवाज ऐकून बाहेर आली होती, बाबांनी तिला मोठ्या खुशीत काहीतरी सांगितलं, ती आत गेली आणि निळ्या कागदातली साखरेची ढेप घेऊन आली. माझ्या हातात ठेवून, माझ्या कानाशी म्हणाली, "मुबारक असो गं, तूदा. आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस. आजकालच्या मुली सैल कपडे घालतात, कळत पण नाही." आणि तिने गल्लीकडे बघितलं. गल्लीतून माझी अविवाहित मुलगी कामावरून घरी येत होती.

सबअ म्हणजे सिंह. सबूअ म्हणजे बाळाचा सातवा दिवस, बारसं, एडका कापून नाव ठेवायचा. फरक घशाएवढा, आणि बाबांच्या डाव्या कानात तेवढी जागा नव्हती. त्यात फोनमध्ये शंभर पोरं, डबे, लग्नातली लकेर. मी आमच्या भाषेत बोलले असते, नुसतं मामा म्हटलं असतं, तरी हे टळलं असतं. पण इतकी वर्षं शहरात राहून आनंद झाला की माझ्या तोंडून शहराचा शब्द निघतो. गिझलानने एडक्याकडे बघितलं, साखरेच्या ढेपेकडे बघितलं, बतूलच्या तिच्या पोटावर खिळलेल्या डोळ्यांकडे बघितलं. "आई," ती म्हणाली, "तू कुणाला काय सांगितलंयस?" बाबा पुढे झाले, तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळाचं चुंबन घेतलं. "लाजू नको. पोरगा कुठल्याही वाटेने आला तरी आपला." "आजोबा!" गिझलान किंचाळली. बतूल भिंतीला टेकून उभी राहिली. असं संध्याकाळी फुकटात कधी मिळतं!

एडका गच्चीवर नेऊन बांधला. बतूलला मी दार लावून बाहेर ठेवलं. ती दाराबाहेरच उभी राहिली हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं. चहा केला, पुदिना जरा जास्तच पडला. बाबा चटईवर बसले होते, पागोटं मांडीवर काढून ठेवलेलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि कानाला तोंड लावून म्हणाले, "बाबा, बाळ नाही. कुणाचंच नाही. मी मामाला ऐकलं."

त्यांचा चेहरा आधी उतरला. बाळ नाही, एवढंच पोचलं होतं. बसमध्ये दिवसभर त्यांनी त्या पोराचं नाव ठरवलं असणार, ते चेहऱ्यावरून एक एक अक्षर पुसलं जाताना दिसलं. मग उरलेला शब्द पोचला. त्यांनी पेला खाली ठेवला.

"टीव्हीवर?"

"गच्चीवर."

"कुत्रं असेल."

"बाबा!"

"शेवटी काय करतो?" हे त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, चटईचा दोरा ओढत.

मी चटईवर हात टेकले, मान खाली घातली आणि केलं. हुं. हुं. हुं. हुं. गिझलान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. हसत होती का नाही, बघायला मला वेळ नव्हता. बाबा ते ऐकत नव्हते, बघत होते, माझ्या बरगड्यांकडे. मग म्हणाले, "हे तर माझंच आहे. लहानपणापासून ऐकलंयस. मला बरं वाटावं म्हणून तेच परत देतेस." मी शपथ घेतली. आईची, नवऱ्याच्या कबरीची, गिझलानची. "तुला तसं वाटलं असेल," ते माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, जशी मीच म्हातारी आणि मलाच समजावायचं होतं. "माझा कान गेला, पोरी. दोन हिवाळ्यांपूर्वी बोलावलं असतंस तर कदाचित. आता तो माझ्या उशाशी येऊन ओरडला तरी मला कुठे कळायचंय? मी तुझ्या सांगण्यावर विश्वास ठेवीन, आणि मरेपर्यंत मला वाटत राहील की पोरगी प्रेमाने बोलली." मला राग आला. इतक्या आनंदाच्या मधोमध मला त्यांचा, त्यांच्या कानाचा, बास्सूच्या फोनचा असा राग आला की मी उठून खिडकी उघडली. पडदा अजून समुद्राच्या बाजूला उडत होता. शर्गी होता, पण त्यात मधूनच एक गार बोट लागत होतं. उद्यापर्यंत टिकेल की नाही, कोण सांगणार.

पहाटे मी उठले तर बाबांची चटई रिकामी. नमाज आटोपून ते एडक्याला सातू घालायला गच्चीवर गेले होते. मी अनवाणीच धावले. आकाश राखाडी, वारा जवळजवळ पडलेला, दोरीवरचे कपडे लोंबत होते. बाबा एडक्याशेजारी उकिडवे बसले होते, डावा हात त्याच्या पाठीवर, लोकरीत रुतलेला, आणि त्याच्याशी आमच्या भाषेत काहीतरी बोलत होते. बस कशी वाईट, शहरातला सातू कसा कोंड्याने भरलेला, असं. मी कठड्यापाशी गेले. आजूबाजूला कोंबडा, मोपेड, बेकरीचं शटर. ये ना रे, मी मनात म्हणत होते, मामा, भाच्याने वाट बघावी तशी बघतेय, ये.

आणि पेटी सरकली. हलकीच, वाऱ्यात विरलेली, परवाच्या अर्धीही नाही. मी वळून बाबांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. एडक्याने खाणं थांबवलं होतं. सातूचा दाणा त्याच्या ओठाला चिकटलेला. चारी पाय ताठ, कान मागे, आणि त्याच्या मानेपासून शेपटापर्यंत एक शहारा निघाला, लोकर वरून हललेली मला लांबून दिसली. बाबांचं बोलणं मध्येच तुटलं. त्यांनी हाताकडे बघितलं. मग एडक्याकडे. मग दुसराही हात त्यांनी पाठीवर ठेवला, दोन्ही पंजे पसरून, डॉक्टर ठेवतात तसे, आणि डोळे मिटले. गर्जना लांबत गेली आणि एडका थरथरत राहिला, एकसारखा, आणि मग शेपूट आलं, आणि बाबांचे ओठ हलायला लागले. मी ऐकत होते आणि बघत होते, दोन्ही बरोबर: तिकडे हुं, इकडे एडक्याच्या कातडीत झटका, आणि बाबांचे ओठ हुं. तिकडे हुं, झटका, हुं. एकही चुकला नाही. या वेळी त्यांना सांगणारी मी नव्हतेच. एडका सांगत होता, आणि एडक्याला बाबांवर प्रेम असायचं काही कारण नव्हतं.

"हा गेल्या वर्षीच्या वसंतात जन्मला," बाबा म्हणाले. त्यांच्या मिशीतून पाणी ओघळत होतं. "माझा आवाजसुद्धा याने ऐकलेला नाही. हा कुठून शिकला? सांग ना, हा कुठून शिकला?" मी नाचत होते, या वयात, अनवाणी, गिझलानच्या ओल्या शर्टाखाली. गिझलान कधीची जिन्याच्या तोंडाशी उभी होती, केस विस्कटलेले, फोन हातात, आणि फोनचा तिला विसर पडलेला. बाबांनी एडक्याची पाण्याची बादली उचलली, पाणी कठड्यावरून खाली फेकलं. खालून बतूल किंचाळली, "अरे देवा, बाळाची अंघोळ का?" बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी बादली आडवी ठेवली, गुडघे टेकले, तोंड जमिनीजवळ नेलं, तसेच, अंगठी शोधणाऱ्यासारखे, आणि एका हाताने एडका धरून गर्जना केली.

ती त्यांची जुनी गर्जना नव्हती. फाटलेली, कडांना जीर्ण झालेली, पण खाली, तळाशी, ती होती. कबुतरं उडाली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. ती वर गेली, छपरांवरून पूर्वेकडे, आणि बाबांचा श्वास संपला. खोकला आला, डोकं बादलीत आदळलं. मी धावले, त्यांनी मला हातानेच थोपवलं. प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने काहीच येत नव्हतं. मामा गप्प झाला होता.

"ओरडतोय अजून?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"नाही," मी डाव्या कानात ओरडले. "एकदम थांबला!"

"थांबेलच," बाबा म्हणाले. "ऐकतोय ना. शेपूट राहिलंय माझं, त्यासाठी खोळंबलाय." त्यांनी पुन्हा श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तो गळ्यापर्यंतच आला. मग बादली माझ्याकडे सरकवली. "लवकर, तूदा! तो काय दिवसभर थांबणार आहे?"

मी गुडघ्यांवर बसले. बादलीत सातूचा आणि एडक्याच्या लाळेचा वास होता. मी तोंड आत घातलं, पोटातून काढलं, आणि बादलीने ते मोठं करून बाहेर टाकलं. पहिलं जरा वर लागलं. दुसरं बसलं. बाबांचे दोन्ही पंजे लोकरीत होते, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली.

"खाली घे," ते म्हणाले. "अजून खाली. हां. हा घाबरला बघ आता." त्यांच्या बोटांखाली एडक्याची पाठ शहारली. "अजून एक."